उजव्या बाजूचा खटका

झुंबरबाईंनी खटक्याच्या सांधीत डिझेलची धार सोडली, त्यावर लाकडी ठोकळा धरला आणि हातोडीचा एक बेताचा ठोका मारला. खटका हलला नाही. त्यांनी पदर कमरेला घट्ट खोचला, गाडीच्या पुढच्या सीटवर गुडघा टेकवला आणि दुसरा ठोका मारला.

"काच फुटन," ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले त्यांचे यजमान रामराव म्हणाले.

"फुटू द्या."

कापडी टपाची ती लाल गाडी अमडापुरात एकच होती. झुंबरबाईंच्या सासऱ्यांनी, आबांनी, अकोल्याच्या एका वकिलाकडून घेतलेली. समोरच्या काचेच्या चौकटीवर डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन खटके होते. ते सोडले की टप घडी होऊन मागे जाऊन बसायचा, असं म्हणत. म्हणत, कारण झुंबरबाईंनी ते पाहिलं नव्हतं. डावा खटका बोटाने सुटायचा, उजवा अडकलेला. विहिरीचं पाणी मचूळ आहे हे जसं घरात कोणी बोलून दाखवत नसे, तसंच हेही.

आज दुपारी नागपूरहून ट्रक येणार होता. जुन्या गाड्या जमवणाऱ्या एका माणसाला ही गाडी द्यायचं राजकुमारने, त्यांच्या मुलाने, पुण्यात बसून ठरवलं होतं. वडिलांचा डावा हात लुळा पडल्यापासून घरात गाडी चालवणारं कोणी उरलं नाही, असं तो सगळ्यांना सांगायचा. शेतातला ट्रॅक्टर कोण चालवतं, आणि ही गाडी बंद पडू नये म्हणून तिला अधूनमधून फाट्यापर्यंत कोण फिरवून आणतं, हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

सकाळी त्याचा फोन आला होता.

"आई, तू खटक्याला हात लावू नकोस. ते लोक करून घेतील."

"त्याईनं केलं त मले काय त्याचं?" झुंबरबाई म्हणाल्या होत्या आणि फोन ठेवून हातोडी शोधायला गेल्या होत्या.

आता ऊन अंगणात उतरलं होतं. त्यांनी ठोकळा बाजूला ठेवला. नुसतं ठोकून हे निघणार नाही. ट्रॅक्टरची एखादी पिन अडकली की त्या आधी खाली वाकून बघायच्या, नेमकं कुठे धरलंय ते. त्यांनी घरातून हातआरसा आणि बॅटरी आणली, आरसा खटक्याच्या खाली तिरका धरला आणि उजेड टाकला.

गंज नव्हता. खटक्याची जीभ आतून चकचकीत होती. तिला लागून, चौकटीतून वर गेलेलं, एक गोल काहीतरी होतं. त्यावर गाडीचाच लाल रंग दिलेला. झुंबरबाईंनी नखाने खरवडलं. रंगाची खपली निघाली आणि खाली बोल्टचं डोकं दिसलं.

त्या डावीकडे सरकल्या, तिथेही आरसा धरला. तिथे बोल्ट नव्हता. भोकसुद्धा नव्हतं.

म्हणजे हा कोणीतरी मुद्दाम बसवलेला होता.

लग्नाच्या वर्षी, खोलीत दोघंच असताना, त्यांनी एकदा धीर करून नवऱ्याला म्हटलं होतं की टप उघडून लोणारला जाऊ. डोक्यावर आभाळ ठेवून गाडीत बसल्यावर कसं वाटतं, ते बघायचंय. रामराव हसले होते. परवा जाऊ, म्हणाले होते. त्या दिवशी झुंबरबाई पोपटी लुगडं नेसून तयार झाल्या, तेव्हा ते दारात येऊन उंबऱ्याकडे बघत म्हणाले, खटका अडकला. लोणारला मग ते एस.टी.ने गेले, तेही पुढच्या उन्हाळ्यात.

झुंबरबाईंनी पेटीतून पाना काढला. बोल्टवर बसवला आणि जोर लावला. बोल्ट जागचा हलला नाही. त्यांनी पान्याच्या दांडीत पाण्याच्या पाइपचा तुकडा घातला, पाय गाडीच्या तळाला रोवले आणि सगळं अंग टाकून ओढलं. पाना सटकला. बोटाचं साल निघालं. त्यांनी बोट पदराने पुसलं आणि पाना पुन्हा बसवला.

"ऱ्हाऊ दे आता," रामराव म्हणाले.

त्यांनी पाना नीट बसवला. पुन्हा ओढलं. पुन्हा सटकला.

काठीचा आवाज पायऱ्या उतरत जवळ आला. रामराव गाडीच्या दाराशी उभे राहिले. बायकोच्या बोटातून रक्त येऊन पान्याला लागलं होतं, त्याकडे ते पाहत होते.

"उलटं फिरव," शेवटी ते म्हणाले.

"उलटंच त फिरवून राह्यली."

"तसं नाही. घट्ट कराले फिरवतो, तिकडं फिरव. उलट्या आट्याचा हाये तो. कडब्याच्या मशिनीचा."

पाना जागच्या जागी थांबला. झुंबरबाईंनी मान वळवली नाही. मग त्यांनी हात बदलला आणि दुसऱ्या बाजूने ओढलं. बोल्टने कुरकुर केली आणि सुटला. पुढचे आटे त्यांनी बोटांनीच काढले.

"आबाईनं बसवाले लावला?"

मेलेल्या म्हाताऱ्यावर राग धरणं सोपं होतं. तो त्यांनी धरलाही होता.

रामराव काठीच्या टोकाकडे बघत होते.

"आबाले मालूमच नव्हतं," ते म्हणाले. "तुले उघड्या गाडीत सारं गाव पाह्यन, म्हून मीच..."

झुंबरबाईंनी बोल्ट त्यांच्या चांगल्या हातात ठेवला. खटका ओढला. तो सुटला.

टप उचलायला रामरावांनी काठी गाडीला टेकवून हात पुढे केला.

"ऱ्हाऊ द्या."

त्यांनी एकटीनेच एक बाजू उचलली, मग फिरून दुसरी. कापड घडीवर तडतडलं, धूळ पडली, आणि टप मागे जाऊन बसला. सीटवर इतक्या वर्षांनी लख्ख ऊन पडलं. झुंबरबाईंनी हौदावर हात धुतले, बोटाला चिंधी बांधली, गाडीत बसून चावी फिरवली. इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं.

रामराव दाराशीच उभे होते. झुंबरबाईंनी त्यांना बोलावलं नाही. गाडीही काढली नाही. इंजिन चालू ठेवून त्या समोर बघत राहिल्या. बऱ्याच वेळाने डावीकडचं दार उघडलं आणि ते शेजारी येऊन बसले.

फाट्यावर वेशीजवळची तानाबाई चिखलीच्या बसची वाट पाहत उभी होती, डोक्यावर मेथीची टोपली. गाडी बघून तिने तोंडाला पदर लावला.

"अव माय! कुठी चालली व?"

"तू चिखलीलेच चालली ना? बस."

"मी बसतो मांगं," रामरावांकडे बघून अवघडलेली तानाबाई म्हणाली.

"मांगं नाही. पुढं बस. हे जातीन मांगं."

रामराव उतरले, एका हाताने सीट पुढे वाकवली आणि मागे चढले. त्याला वेळ लागला. झुंबरबाई रस्त्याकडे बघत होत्या. तानाबाई टोपली मांडीवर घेऊन पुढे बसली.

गाडीने वेग घेतला तशी तानाबाईने एक हात वर केला, टप जिथे असायचा तिथवर, मग आणखी वर.

"ऊन नाही लागत का व, बाई?"

"लागते ना," झुंबरबाई म्हणाल्या आणि त्यांनी गिअर बदलला.