जांभळ्या दिव्याची साक्ष

मी एक जुना जांभळा दिवा आहे, मित्रांनो, पण वाचायला बसताना तुम्ही लावता त्या दिव्यांशी माझे फारसे नाते नाही. माझा जन्मच अंधारासाठी झाला. कातडीच्या रोगांच्या दवाखान्यात, संशोधन विभागाच्या शेवटच्या खोलीत, काळ्या पडद्यामागे माझे आयुष्य गेले. दिसायला मी अगदीच ओबडधोबड. एक मूठ, बोटाएवढ्या दोन नळ्या, त्यांच्यावर जवळजवळ काळी वाटणारी काच आणि मधोमध एक भिंग. पहिल्यांदा पाहणारा हमखास विचारी, "हा दिवा आहे होय?" मला त्याचे वाईट वाटत नसे.

माझे काम सांगतो. आपल्या कातडीत रंग तयार करणाऱ्या बारीक पेशी असतात. कधी कधी शरीर आपल्याच या पेशींवर उठते, त्या मरतात आणि अंगावर पांढरे डाग उमटतात. त्याला कोड म्हणतात. ते शिवल्याने लागत नाही, कोणाच्या पापामुळे होत नाही, तरी शहाणीसुरती माणसे दोन हात लांब सरकतात. हा डाग साध्या उजेडात दिसण्याच्या बराच आधी सुरू झालेला असतो. माझ्या नळ्यांतून डोळ्यांना न दिसणारा उजेड निघतो. तो अशा जागी पडला की ती जागा अंधारात खडूसारखी निळसर पांढरी चमकते. म्हणजे उद्याचा डाग मी आज दाखवत असे. पावडरीने धुतलेले पांढरे कपडेही माझ्यासमोर लखलखत, त्यामुळे डॉक्टरांचा कोट अंधारात एकटाच तरंगतोय असे वाटे.

मला खोक्यातून बाहेर काढले ते दिवेवाल्या काकांनी. दवाखान्यातली सगळी यंत्रे त्यांच्या हाताखाली होती. त्यांनी माझ्या मुठीवर कागदाची एक पट्टी चिकटवली आणि मी रोज किती तास जळलो ते ते पेन्सिलीने तिथे लिहू लागले. ठरलेले तास भरले की नळ्या बदलायच्या. कोणी म्हणाले, "काका, चांगला पेटतोय की अजून!" तर ते म्हणत, "त्याचं तोंड बघू नका. जांभळा उजेड शेवटपर्यंत दिसतो. कामाचा उजेड कधीच आटलेला असतो."

विभागाच्या प्रमुख होत्या मोठ्या मॅडम. त्यांची एक पद्धत होती. खोलीतले दिवे घालवले की डोळे अंधाराला सरावेपर्यंत, म्हणजे शंभर अंक मोठ्याने मोजेपर्यंत, मला पेटवायचे नाही. रुग्णही त्यांच्याबरोबर मोजत. मग मी पेटे. चमकणाऱ्या डागावर पारदर्शक कागद ठेवून त्याची कड पेनाने उतरवून घेत. तीन महिन्यांनी पुन्हा तोच कागद, नवी कड. रेघ आत आली तर डाग आकसला, बाहेर गेली तर पसरला. सगळा निवाडा माझ्या साक्षीवर होता आणि मला त्याचा अभिमान होता.

पुढे काका निवृत्त झाले. त्यांच्यानंतर आठवड्याभराने छोट्या डॉक्टर आल्या. वयाने लहान, कामाला वाघ, आणि स्वच्छतेच्या बाबतीत तर बोलायलाच नको. पहिल्याच दिवशी त्यांनी मला स्पिरिटने घासून काढले. काकांची मळकट पट्टी ओली होऊन सुटली. त्यांनी ती चिमटीत धरली, नाक मुरडले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. त्या पट्टीवर माझे उरलेले आयुष्य लिहिले होते, पण ते मी कोणाला आणि कसे सांगणार?

त्याच सुमारास एका नव्या मलमावर अभ्यास सुरू झाला. नियम सरळ होता. वर्षभर फक्त मलम लावायचे. वर्षाअखेर डाग पसरलेले दिसले, तर मलम बंद करून प्रकाशाच्या कपाटात उभे राहून अंगावर उजेड घेण्याचे उपचार सुरू करायचे. कमी झालेले दिसले, तर आणखी एक वर्ष नुसते मलम.

त्या अभ्यासात कडकताई आली. तिची लाँड्री होती. तिची इस्त्री कडक आणि बोलणे त्याहून कडक, म्हणून सगळे तिला कडकताईच म्हणत. डाग नेमके दोन्ही हातांवर होते. एका गिऱ्हाइकाने विचारले होते, "हे लागतं का हो?" तिने ताडकन उत्तर दिले, "लागत असतं तर आधी माझ्या इस्त्रीला लागलं असतं!" ही गोष्ट तिने हसत सांगितली, पण त्या दिवसापासून ती हातमोजे घालून कपडे देत होती, हेही सांगितले. अंधार झाला, शंभर मोजून झाले, मी पेटलो, आणि मोठ्या मॅडमचा कोट पाहून ती ओरडलीच, "अगंबाई! हा कोट धुतं कोण? नीळ घालताना हात फारच सैल सुटलेला दिसतोय!" मॅडमना हसू आवरेना. पुढच्या भेटींत तिला छोट्या डॉक्टर तपासू लागल्या.

त्या वर्षात माझा उजेड आटत गेला. जांभळा रंग तसाच होता, म्हणून कोणाला शंका आली नाही. डागांच्या फिकट कडा आता माझ्यासमोर चमकेनात. डॉक्टर जेवढे दिसे तेवढेच कागदावर उतरवत. रेघा आत येत गेल्या, मलमाचे कौतुक होऊ लागले, आणि कौतुकाचा एक वाटा माझ्याही पदरात पडे. "या दिव्यामुळे किती स्पष्ट कळतंय!" मित्रांनो, मी काय उजेड पाडत होतो ते माझे मला ठाऊक होते. मला लाज वाटत होती आणि भीतीही.

वर्ष भरले. कडकताई शेवटच्या तपासणीला आली. मागच्या वेळी डाग कमी झाल्याचे ऐकून तिने ते धाकट्या बहिणीला सांगितले होते, आणि बहीण आज आनंदाची बातमी ऐकायला बाहेर बाकावर बसली होती. दार बंद झाले, पडदा ओढला, दिवे गेले.

"अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव, शंभर." मी पेटलो. मी माझ्याजवळ होते नव्हते तेवढे सगळे ओतले. तिच्या डाव्या पापणीवर मोहरीएवढा एक नवा डाग होता. ओठाच्या कोपऱ्यात दुसरा. मला ते जाणवत होते. पण तिथून परत येणारा उजेड कोणाच्या डोळ्यांपर्यंत पोचत नव्हता.

छोट्या डॉक्टरांनी हातांवर कागद ठेवले, रेघा ओढल्या आणि खुशीत म्हणाल्या, "छान! आणखी कमी झालेत. मलमच चालू ठेवू या अजून एक वर्ष."

आणखी एक वर्ष! तोवर तो मोहरीएवढा डाग अर्ध्या चेहऱ्यावर पसरला असता. मला किंचाळावेसे वाटले. डॉक्टरांनी लिहायला पेन उघडले.

 कडकताई आपल्या हातांकडे नव्हे, डॉक्टरांच्या कोटाकडे बघत होती. डॉक्टरांना तो कोट रोज दिसे, त्याचे मंद होणे त्यांच्या लक्षात आले नव्हते. ही बाई तीन महिन्यांनी एकदा येई, आणि तिचा सगळा जन्म पांढऱ्या कपड्यांत गेला होता.

"डॉक्टर, कोट मळलाय का तुमचा?"

"छे हो, सकाळीच धुतलेला घातलाय."

 तिने पर्स पोटाशी घट्ट धरली. बाहेर बहीण बसली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची. तोंड उघडले नसते तर ती आनंदाची बातमी तिचीच होती. मी मोजत होतो, मित्रांनो. तिला बोलायला एकवीस अंक लागले.

"मग तो चमकत का नाही?"

"डोळे अजून सरावले नसतील."

"शंभर मोजले की आपण." तिने पर्समधून घडी घातलेला रुमाल काढला. "हा माझ्या हातचा आहे. कालच धुतलाय. धरा तो दिवा याच्यावर."

डॉक्टरांनी मला रुमालावर धरले. लखलखायला हवा होता तो रुमाल राखेसारखा दिसला. डॉक्टरांनी मला आणखी जवळ नेले, तरी तो तसाच.

"ताई," त्या हळूच म्हणाल्या, "दिवाच कमी पडत असेल, तर याचा अर्थ... तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय. डाग कमी झालेले नाहीत. कळतंय म्हणून तर बोलायला एवढा वेळ लागला."

निरोप मिळताच मोठ्या मॅडम लहान मुलांच्या विभागातला असाच दिवा घेऊन आल्या. पुन्हा अंधार. या वेळी तिघीजणी मोजत होत्या. नव्वदला कडकताईचा आवाज थांबला, बाकीचे दहा त्या दोघींनीच मोजले. दुसरा दिवा पेटला, रुमाल भक्कन उजळला, आणि त्याबरोबर तिचे हात मनगटापर्यंत, ओठाचा कोपरा, डावी पापणी. नवी रेघ जुन्या रेघेच्या चारी बाजूंनी बाहेर गेली होती.

बहिणीला आत बोलावले. "वाढलेत?" एवढेच तिने विचारले.

"हो," मॅडम म्हणाल्या. "आणि चूक आमची आहे. या अभ्यासातल्या सगळ्यांना परत बोलवायचं. प्रत्येकाची पुन्हा तपासणी." मग त्यांनी माझी मूठ उलटसुलट करून पाहिली. "इथली पट्टी कुठे गेली?"

"मीच काढली, मॅडम. मला कचरा वाटला." छोट्या डॉक्टर रडू लागल्या.

मॅडम ओरडल्या नाहीत. "कोट तर मीही रोजच बघत होते," त्या म्हणाल्या.

कडकताईने डॉक्टरांपुढे तो रुमाल धरला. "पुसा डोळे. आणि धुवायला माझ्याकडेच द्या, दुसरीकडे नको." 

त्याच आठवड्यात तिचे प्रकाशाचे उपचार सुरू झाले. आठवड्यातून दोनदा, न चुकता. पापणीवरचा डाग तर रंगाने पुरता भरला. ओठाचा कोपरा आणि बोटांची टोके मात्र तशीच राहिली, तिथे रंग सहसा परतत नाही. ते पाहून ती एकदा रडली, मग हातमोजे काढून तिने फडताळात टाकले, ते आजतागायत तिथेच आहेत.

माझ्या मापाच्या नळ्या आता मिळत नाहीत. म्हणून मी कपाटाच्या वरच्या फळीवर असतो, आणि माझ्यावर छोट्या डॉक्टरांच्या अक्षरातली चिठ्ठी आहे: 'वापरू नये'. माझ्याबद्दल लिहिलेले इतके खरे वाक्य दुसरे नाही. खाली खिळ्याला एक पांढरा रुमाल टांगलेला असतो. रोज सकाळी रुग्ण यायच्या आधी नवा दिवा त्याच्यावर धरतात. त्या दिव्याच्या मुठीवर कागदाची पट्टी आहे आणि तिला हात लावायची कोणाची छाती नाही.

मित्रांनो, विझलेला दिवा कोणाला फसवत नाही. अर्धवट पेटलेला फसवतो, आणि त्याला वाटले तरी तो ते बोलून दाखवू शकत नाही. ज्याच्या भरवशावर तुम्ही निवाडे करता, त्याचे वय कुठेतरी लिहून ठेवा. त्याचे तोंड पाहून ठरवू नका. आणि कोणी म्हणाले, "कोट चमकत नाही," तर आधी त्याचे ऐकून घ्या.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला कडकताई येते, जुना रुमाल काढते आणि नवा लावते. तेव्हा तिचे हात अगदी माझ्यासमोर येतात. मनगटावरच्या पांढऱ्या डागात, एकेका केसाच्या मुळाशी, परतणाऱ्या रंगाचे बारीक तपकिरी ठिपके उगवले आहेत. खिडकी उघडी असते. ते ठिपके पाहायला कोणताही दिवा लागत नाही.