रक्षाचे बुधवार

वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेतल्या त्या भाड्याच्या खोलीवर टिनाचं छप्पर होतं. उन्हाळ्यात दुपारी आत बसवत नसे. तरी तिथली पाच वर्षं आठवली की प्रेरणाला अजून वाटतं, तेवढं मन लावून आपण पुन्हा कधी काम केलं नाही.

१९९८ साली ती नागपूरहून विशेष मुलांच्या शिक्षणाचा डिप्लोमा करून आली होती आणि या खोलीत अशा मुलांना शिकवू लागली होती. भिंतीवर तक्ते लावले होते, डबीत चमकीच्या चांदण्या होत्या. सांगितलेलं काम केलं की चांदणी, हे कोणत्याही मुलाला पटतं असा तिचा पक्का समज होता. तो रक्षानं मोडला.

रक्षा सात वर्षांची. तिच्या वडिलांचं, प्रभाकररावांचं, समुद्रपूरला भांड्यांचं दुकान होतं. आई तान्ह्या बाळात अडकलेली, म्हणून दर बुधवारी आत्या प्रमिलाबाई तिला एस.टी.नं घेऊन येत. पोरगी बोलायला चुरचुरीत, गाणी सगळी तोंडपाठ. पण ‘चप्पल घाल’ म्हटलं की संपलं. आवडीची जिलेबी असली तरी ‘खा’ म्हटल्यावर ताट सरकवायची. दोन शाळांनी घरी पाठवलं होतं. गिरडच्या दर्ग्यावर नेऊन झालं होतं. प्रभाकररावांनी एकदा रट्टे दिले, तर दोन दिवस जेवली नव्हती.

पहिल्याच दिवशी प्रेरणानं तिला मणी ओवायला सांगितले.

“माये हात झोपून राह्यले,” रक्षा म्हणाली, आणि टेबलाखाली शिरून मांजर झाली.

प्रेरणानं आग्रह धरला तेव्हा तिनं किंचाळून तक्ता फाडला आणि भिंतीला चिकटून थरथरत बसली. ती थरथर प्रेरणाच्या डोळ्यांपुढून हलेना. हट्टी पोर अशी घाबरत नाही.

दोन महिने असेच गेले. डिसेंबरातल्या एका बुधवारी प्रेरणाचा घसा बसला, आवाजच फुटेना. निरोप धाडायच्या आत दोघी दारात हजर. प्रेरणानं पाटीवर लिहिलं, ‘आज आवाज नाही. चहा घ्याल का?’ प्रमिलाबाई चष्मा घरी विसरल्या होत्या. त्यांनी पाटी जवळ धरली, लांब धरली, अक्षर लागेना.

“आज आवाज नाही, चहा घ्याल का,” टेबलाखालून रक्षा म्हणाली. “आत्या, मॅडम चहाचं विचारून राह्यल्या.”

शाळेत जिनं एक अक्षर वाचून दाखवलं नव्हतं, ती पोरगी. प्रमिलाबाई शाब्बास म्हणणार, तोच प्रेरणानं त्यांचा हात दाबला. का दाबला, हे तिचं तिलाही त्या क्षणी सांगता आलं नसतं. तिनं नुसतं पुढं लिहिलं, ‘साखर कुठं गेली कोण जाणे.’ रक्षा बाहेर आली आणि फळीवरचा साखरेचा डबा घेऊन आली.

पुढच्या बुधवारी भिंतीवरचे तक्ते निघाले. प्रेरणा आता हुकूम करीत नसे. मणी पुढ्यात घेऊन स्वतःच चुकीचे ओवत बसे, भिंतीशी बोलल्यासारखं बोले. कधी रक्षा येऊन चूक सुधारायची, कधी तासभर मांजरच राहायची. एकदा प्रेरणा हुरळून ‘आता हे कर’ म्हणाली, तर पुढचे तीन बुधवार टेबलाखाली गेले.

“मॅडम, मंग पोरीले काईच सांगायचं नाई?” दुकानाच्या मालासाठी वर्ध्याला आलेल्या प्रभाकररावांनी एकदा विचारलं. “लोकं काय म्हणतीन?”

“भाऊ, ते हट्ट करून नाई राह्यली, भेऊन राह्यली,” प्रेरणा म्हणाली. “कोणी कर म्हटलं का तिले कोंडल्यावानी वाटते.”

प्रभाकरराव पुढच्या खेपेला दुकान बंद ठेवून स्वतः आले. “सकाळी तिची चप्पल दारात ठेवली अन् मी गल्लीत उभा राह्यलो,” ते म्हणाले. “वीस मिनिटं लागले. पण घालून आली.”

२००३ मध्ये प्रेरणाला वर्ध्याच्या एका शाळेत नोकरी लागली आणि खोली सुटली. चार वर्षांनी नागपूरच्या एका कार्यशाळेत डॉक्टरांनी पडद्यावर एका अवस्थेचं लांबलचक इंग्रजी नाव दाखवलं. कुणी काही करायला सांगितलं की जिवावर बेतल्यासारखी घाबरणारी मुलं, ते सांगत होते. प्रेरणानं ते नाव वहीत उतरवलं आणि शेजारी लिहिलं, ‘रक्षा’.

२००९ च्या जानेवारीत प्रेरणा समुद्रपूरला उतरली. रक्षा दुकानात बसून मशीननं स्टीलच्या डब्यावर कुणाचं तरी नाव कोरत होती. दहावीचे तीन पेपर देऊन ती उठून आली होती, बाकीचे पुढच्या वर्षी दिले. ‘भांडं ठेवून जा, होईन तवा होईन,’ असं प्रभाकरराव गिऱ्हाइकांना सांगत, आणि लोक ठेवूनही जात, कारण अक्षर मोत्यासारखं होतं.

प्रेरणा स्टुलावर बसून राहिली. बऱ्याच वेळानं मशीन थांबलं.

“मॅडम, अजूनबी कोणी कर म्हटलं का छातीत धडधडते,” रक्षा मान वर न करता म्हणाली. “पण आता मले समजते, का हे नुसती धडधड हाय. मी थांबते जराशी.”

“मंग?”

“मंग कधी करते, कधी नाई करत.”

प्रेरणाला हसू आलं, रक्षालाही. वर्ध्याची एस.टी. समोरून निघून गेली. पुढची तासाभरानं होती. रक्षानं दुसरा डबा हातात घेतला, आणि प्रेरणा तिची बोटं चालताना पाहत बसली.