ताप मला, मार ठमीला

मंगळवारी संध्याकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी माझ्यामुळे एका साडेचार वर्षांच्या मुलीला मार बसला. वेळ पक्की सांगतो, कारण सव्वासहाच्या बातम्यांसाठी आजी तीन मिनिटं आधीच रिमोट दाबायच्या.

मी टीव्हीच्या मागच्या झाकणाआड राहणारा सप्लायचा बोर्ड बोलतोय. भिंतीतून येणारी वीज अंगावर झेलायची आणि पडद्याला, आवाजाला सोसेल तेवढीच पुढे द्यायची, हे माझं काम. घरातल्या सुनेसारखंच. सगळं नीट चाललं तर मी आहे हेसुद्धा कुणाला कळत नाही.

कारखान्यात एका बाईनं मला उलटसुलट करून पाहिलं आणि कोपऱ्यावर छोटासा शिक्का मारला. पास. त्या शिक्क्याचा मला कोण अभिमान होता!

मग मी या घरी आलो. दोन खोल्या, आजी, त्यांची सून आणि सुनेची मुलगी ठमी. ठमीचे बाबा कामासाठी लांब असायचे. सून भारी जपणारी. धूळ बसेल, ओरखडा पडेल, मुलीला सर्दी होईल, सदा जिवाला घोर. टीव्ही बंद झाला रे झाला की ती त्यावर जाड कापडाचं कव्हर चढवायची. स्वतः शिवलेलं, झालर लावलेलं. प्रेमानंच करायची, पण आत मी तापलेला असायचो आणि ती गरमी जायला वाटच उरायची नाही.

सहा महिन्यांत माझ्या एका कंडेन्सरचं पोट फुगलं. नखाएवढी उभी डबी ती, पण विजेला स्थिर ठेवणारी तीच. मग मला उठायला जड जाऊ लागलं. रिमोट दाबला की दोन-तीनदा टक टक करायचो, लाल दिवा लुकलुकायचा, मग कुठे चित्र यायचं.

"माझ्यासारखंच झालंय याचं," आजी हसायच्या, "गुडघे धरून उठतंय."

मीही दिवस ढकलत राहिलो. दुखणं अंगावर काढण्यात मला मोठेपणा वाटत होता. आता त्याचीच लाज वाटते.

त्या मंगळवारी दुपारचा टीव्ही बंद झाला तसं लगेच कव्हर चढलं. थोड्या वेळानं ठमीनं कव्हरवर हात ठेवला. मग गेली आणि ओला रुमाल घेऊन आली. तिला ताप आला की आई कपाळावर ठेवते, तसा तिनं तो टीव्हीच्या माथ्यावर ठेवला आणि वरून थोपटलंसुद्धा. माझ्यापर्यंत थेंबही पोचला नाही. पण सांगतो, एवढ्या दिवसांत माझी विचारपूस करणारी ती एकटीच.

सहा वाजून बारा मिनिटांनी आजींनी कव्हरची पुढची बाजू वर सारून रिमोट दाबला. टक. टक. टक. मी जीव तोडून धडपडलो, पण चित्र काही आलं नाही.

सून स्वयंपाकघरातून आली. तिनं कव्हर ओढलं, तर ओला रुमाल हातात.

"पाणी? टीव्हीवर पाणी घातलंस तू?"

"त्याला ताप आलाय, आई."

"वर तोंड करून बोलतेस?" आणि फाटकन आवाज आला.

"मी म्हणतच होते, पोरीला टीव्हीपाशी जाऊ देऊ नकोस," आजी म्हणाल्या. गुडघे धरून उठणारा टीव्ही त्या साफ विसरल्या होत्या.

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर हातभर अंतरावर गप्प.

पुढचे चार दिवस ठमी माझ्याकडे पाठ करून बसायची, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. पाण्याचा पेला घ्यायचा तरी विचारायची, "आई, हात लावू?" चमचा उचलायचा तरी, "हात लावू?" स्वतःच्या बाहुलीलासुद्धा.

पाचव्या दिवशी ठमीला आजींपाशी ठेवून सुनेनं टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात नेला.

"पाणी गेलंय, दादा. मुलीचा उद्योग."

मिस्त्रींनी झाकण उघडलं. आधी एका बल्बच्या दोन वायरी माझ्या मोठ्या कंडेन्सरला टेकवल्या, तशी साठलेली वीज उतरली. "याला विचारल्याशिवाय हात लावला तर लाथ मारतो," ते हसले. मग भिंग घेऊन बघितलं. नंतर मीटर लावला. बारा व्होल्ट हवे तिथे, भार आला की आठावर घसरत होते.

"पाण्याचा डाग दाखवा मला कुठे, ताई. हे बघा, कंडेन्सर फुगलाय. खालचा बोर्डही भाजलाय. हे काही एका दिवसातलं नाही. वर काही झाकून ठेवता का?"

"कव्हर आहे. मीच शिवलंय." मग तिनं विचारलं, "म्हणजे मुलीनं काही…?"

"काही नाही केलं तिनं."

सून आपल्या उजव्या तळहाताकडे बघत राहिली. मी माझ्या शिक्क्याकडे.

"सासूबाईंना सांगायला हवं," ती हळूच म्हणाली.

"त्यांना सावकाश सांगा. आधी पोरीला."

"तिला काय सांगायचं, दादा? लहान आहे. विसरेलही."

मिस्त्रींनी माझ्या जागी नवा बोर्ड बसवला, टीव्ही पहिल्या फटक्यात लागला. "कव्हरचं घरी पायपुसणं करा," एवढंच म्हणाले.

आता मी दुकानातल्या पत्र्याच्या डब्यात पडून आहे. माझे धड असलेले भाग काढून दुसऱ्यांना लावतील. मरणाचं वाईट वाटत नाही. पण घरी गेल्यावर सुनेनं ठमीला सांगितलं की नाही, ते मला कधीच कळणार नाही. ती वाईट नाही हो, फक्त घाबरट आहे. मुलांपुढे चूक कबूल करायला तिला कुणी शिकवलंच नसेल.

म्हणून तुम्हाला विनवतो. कुठल्या घरी एखादी लहान मुलगी स्वतःच्याच बाहुलीला "हात लावू?" विचारताना दिसली, तर खाली बसून तिच्या कानात सांगा: तू काही बिघडवलं नव्हतंस. त्याला खरंच ताप होता, आणि तो फक्त तुलाच कळला होता.