बिनगाण्याचा नाच

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. डान्स क्लबातल्या मंडळींनी ठेवलेलं, पण अंगाला चिकटलं ते चिकटलंच. सोमवार ते शुक्रवार ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घडवायची. मेणात एकेक दात रोवायचा, वरची-खालची ओळ जुळवायची, घासूनपुसून चमकवायची. आठवडाभर लोकांचं हसू घडवून हिचेच जबडे आवळून जायचे. शनिवारची रात्र झाली की मात्र बाई क्लबात नाचत सुटायची. बारा वर्षांत एक शनिवार चुकला नव्हता.

"एवढी नाचतेस, एखादा नवरा तरी धरून आण," आई म्हणायची.

"तिथे नाचणारे मिळतात गं, नवरे नाही."

मग क्लब बंद पडला. आता शनिवारी भिंगरी कपडे धुवायची. धुतलेलेही पुन्हा धुवायची. चार महिन्यांनी कळलं, त्या बंद क्लबात सिनेमाचं शूटिंग आहे. तरुण पोरं, शनिवार-रविवारची धमाल, असला विनोदी सिनेमा. गर्दीत नाचायला माणसं हवीत. तिने जुन्या मैत्रिणीला फोन लावला. इतकी वर्षं दोघी खांद्याला खांदा लावून नाचल्या होत्या.

"बुधवारी? सकाळी? डोकं फिरलंय का तुझं?" मागे तिचं लेकरू रडत होतं. "आता बास कर गं."

बास कसं करायचं तेच तर भिंगरीला ठाऊक नव्हतं. रजा टाकून, चंदेरी ब्लाउज घालून ती एकटीच गेली.

आतले पडदे काढले होते. भिंतींचे पोपडे, जमिनीवरचे डाग, सगळं उघडं पडलेलं. ही जागा तिने उजेडात कधी पाहिलीच नव्हती. गाणं दहा सेकंद वाजलं आणि थांबलं. नायक-नायिकेचं बोलणं नीट रेकॉर्ड व्हावं म्हणून बाकीच्यांनी बिनगाण्याचंच नाचायचं होतं. साठ माणसं मुक्याने हातपाय झाडू लागली. ऐकू येत होती ती नुसती बुटांची घसघस. भिंगरीने डोळे मिटले. ताल तिच्या पोटात होता, ती नाचत राहिली.

कुणीतरी खांद्यावर हलकेच थोपटलं. दिग्दर्शकाची असिस्टंट होती, विशी-बाविशीची.

"मावशी, जरा मागे याल? पुढे तरुण मंडळी हवीत."

ती मागे गेली. तेवढ्यात दिग्दर्शकाची नजर पडली. "त्या बाईंना दाराशी उभं करा! आई आलीय मुलीला शोधायला. मजा येईल. बाई, एवढंच म्हणा, चल घरी."

"मी?"

साठ जण वळून बघत होते. नाही म्हणायला जीभच रेटेना. चंदेरी ब्लाउजवर कुणीतरी राखाडी स्वेटर चढवला. दारात उभी राहून, त्या नाचणाऱ्यांकडे बघत ती म्हणाली, "चल घरी." आवाज असा चिरकला की अख्खा हॉल खो खो हसत सुटला.

"एका फटक्यात! आई असावी तर अशी!" दिग्दर्शक म्हणाला.

घरी तिने एवढंच सांगितलं, "छान झालं."

सिनेमा लागला तेव्हा आई शेजारच्या काकूंना घेऊन हौसेने गेली. परतली ती थेट स्वयंपाकघरात शिरली. काकू मात्र हसून हसून बेजार झालेल्या. जेवताना आई हळूच म्हणाली, "अगदी माझ्यासारखी दिसलीस गं."

ताट सारून भिंगरी उठली, खोलीतला दिवा मालवला आणि भिंतीकडे तोंड करून पडली. शनिवार होता, संध्याकाळचे आठही वाजले नव्हते. आईने दोनदा हाक मारली. तिने चादर डोक्यावर ओढली.