धक्क्यावरच्या घराचा शेवट

अव्हरिलनं पर्स खांद्याला अडकवली आणि शेजारी बसलेल्या धाकट्या भावाची बाही ओढली.

“ट्रेव्हर, चल. डोकं ठणकतंय माझं. घरी सोड मला.”

“पाच मिनिटं थांब गं. जन्मभर वाट बघितलीय याची.”

“मला आत्ता जायचंय.”

“मग टॅक्सीनं जा,” पडद्यावरची नजर न काढता ट्रेव्हर म्हणाला. उभ्या आयुष्यात त्यानं बहिणीचा शब्द असा मोडला नव्हता. अव्हरिल बसून राहिली.

इंग्लंडमधल्या हल शहरात हेसल रोडवरच्या चर्चमागच्या हॉलमध्ये जुन्या टीव्ही मालिकांचे शौकीन जमले होते. बॅरी त्यांचा म्होरक्या. लोक विसरून गेलेल्या मालिका हुडकायच्या, हा त्याचा ध्यास. त्यापायी दोन बायका सोडून गेल्या असं लोक म्हणत, आणि तोही ते नाकारत नसे. त्या काळी टीव्हीवाले चित्रफिती पुसून त्यांच्यावर दुसरंच काही भरत. ‘धक्क्यावरचं घर’ या मुलांच्या मालिकेचा शेवटचा भाग असाच गेला होता. त्याचं एक रीळ आता न्यूझीलंडमधल्या कुणाच्या तरी माळ्यावर सापडलं होतं, आणि बॅरी नवरदेवासारखा टाय लावून आला होता.

मालिका साधीच होती. समुद्रावर गेलेल्या बापाची वाट बघणारा एक पोरगा. शेवट काय होतो, ते ट्रेव्हरनं आजवर पबमध्ये, गोदीत, अगदी स्वतःच्या लग्नातसुद्धा माणसं पकडून पकडून सांगितलं होतं. बाप परत येतो, दारात ओले बूट काढतो आणि म्हणतो, “चहा आहे का रे शिल्लक?” एवढं सांगताना ट्रेव्हरचा आवाज दर वेळी भरून यायचा.

पंचाईत अशी, की हा शेवट अव्हरिलनं रचलेला होता.

लहानपणी त्यांच्या आळीत टीव्ही फक्त स्टॅथर्सकडे, म्हणजे यांच्याच घरी होता, तोही भाड्याचा. त्याला जोडलेल्या पेटीत नाणं टाकलं तरच, आणि तेवढाच वेळ, चालायचा. त्या संध्याकाळी शेवट अगदी तोंडावर आला आणि नाणं संपलं. चित्र गेलं. दुसरं नाणं द्यायला घरात मोठं माणूस नव्हतं. आळीतल्या सगळ्या बायका जहाज कंपनीच्या कचेरीपुढे जाऊन उभ्या होत्या, कारण त्यांच्या नवऱ्यांचं मासेमारीचं जहाज बिनतारी संदेशांना उत्तर देईनासं झालं होतं. आळीतली पोरं जमिनीवर दाटीनं बसली होती. पाच वर्षांचा ट्रेव्हर रडायला लागला. तेव्हा अकरा वर्षांच्या अव्हरिलनं अंधारात पुढची गोष्ट सांगून टाकली, आधी बघितल्यासारखी.

जहाज आलंच नाही. ट्रेव्हरला बापाचं काही म्हणता काही आठवत नव्हतं, चेहरा नाही की आवाज नाही. ते ओले बूट तेवढे त्याच्यापाशी होते. ते आपण कसे काढून घ्यायचे, म्हणून ती गप्प राहिली. आज ते बॅरी काढून घेणार होता.

पडद्यावर पोरानं घराला कुलूप लावलं. मावशीचा हात धरून तो बसमध्ये चढला. बस टेकडीआड गेली आणि नावं सरकू लागली. कुणीतरी दिवे लावले.

ट्रेव्हर रिकाम्या पडद्याकडेच बघत होता. आता सांगायलाच हवं म्हणून अव्हरिलनं तोंड उघडलं, तेवढ्यात पुढच्या रांगेतून पॉलीन उठली. ती त्याच आळीतली, लहानपणी कायम स्टॅथर्सच्या घरात पडलेली असायची.

“हा शेवट नाहीच मुळी!”

“हाच आहे,” बॅरी म्हणाला. “रीळ अखंड आहे.”

“अखंड कसलं? कापलंय मेल्यांनी. बाप परत येतो. दारात बूट काढतो.”

“ओले बूट,” मागून रॉन ओरडला. तोही आळीतलाच. “आणि चहा मागतो. आम्हाला नको शिकवूस, बॅरी!”

बॅरी चक्रावला. “बरं, दिसायला कसा होता तो बाप?”

“लाल केसांचा,” पॉलीन म्हणाली. “असा आडवा, दारात मावायचा नाही.”

“काहीतरीच! काटकुळा होता. दाढीवाला. पुढचा एक दात पडलेला.”

“लाल केस होते, रॉन. मी काय आंधळी आहे?”

“लाल केस तुझ्या बापाचे होते, बये!”

रॉन हसला, आणि हसता हसता थांबला. त्याचा हात आपोआप स्वतःच्या हनुवटीवर गेला, बापाची दाढी चाचपत असल्यासारखा. पॉलीन सावकाश मागे वळली.

“टीव्ही बंद पडला होता,” ती म्हणाली. “तू सांगितलंस आम्हाला. हो ना, अव्हरिल?”

अव्हरिलनं मान हलवली. वर बघायचा तिला धीर होईना. ट्रेव्हर आता उठून निघून जाईल, असं तिला वाटत होतं.

“म्हणजे तो टीव्हीतला माणूस नव्हता,” ट्रेव्हर म्हणाला.

“नव्हता रे.”

“पण मी बघितलाय त्याला.”

“तू लहान होतास. मी सांगितलं, म्हणून तुला वाटतं तसं.”

“डावा पाय ओढत यायचा गं तो. एकच बूट फरशीवर घासायचा. दार उघडायच्या आधी कळायचं.”

अव्हरिलनं वर बघितलं. जहाज गेलं त्याच्या आदल्या हिवाळ्यात जहाजावरच्या साखळीखाली त्यांच्या वडिलांचा डावा पाय चिरडला होता, आणि तेव्हापासून ते तो ओढत चालत. त्यांना त्याची लाज वाटे, म्हणून घरात तो विषय कुणी काढत नसे. बूट तिनं सांगितले होते, चहा सांगितला होता. पायाचं तिनं त्या अंधारात सांगितलं नव्हतं, आणि नंतरही कधी नाही.