तुला न येणारा कॉम्प्युटर

तिने बटण दाबून धरलं आणि मनात दहापर्यंत मोजलं. पडदा काळा झाला, टेबलाखालच्या खोक्यातला पंखा कुरकुरत थांबला. तिने पुन्हा बटण दाबलं. पंखा फिरू लागला, पडदा उजळला आणि कालपासून येणारी ओळ पुन्हा आली. या कॉम्प्युटरसाठीची मदत आता संपली आहे.

"संपली म्हणजे काय?" वडिलांनी विचारलं. ते तिच्या खुर्चीमागे वही आणि पेन्सिल घेऊन उभे होते.

"म्हणजे संपली, बाबा. बनवणाऱ्यांनी हात वर केले. आता नवीन घ्यायचा."

मागे पेन्सिल सरसर चालल्याचा आवाज आला. वडील न्यायालयात छत्तीस वर्षं लघुलेखक होते. समोरचा बोलेल ते शब्दाला शब्द उतरवायचं, हे काम निवृत्तीनंतरही त्यांच्या हाताने सोडलं नव्हतं. वाण्याची यादी, डॉक्टरांचा सल्ला, फोनवरचं बोलणं, सगळं त्या आकड्या-रेघोट्यांत जायचं. आई म्हणायची, या माणसाशी भांडताना जीभ सांभाळावी लागते, वर्षाने वाक्य काढून दाखवतो. आईला जाऊन चार वर्षं झाली होती आणि मुलीचे रविवार या खुर्चीवर जाऊ लागले त्यालाही चारच वर्षं झाली होती.

आई होती तोवर कॉम्प्युटरचं काही अडत नव्हतं. टंकलेखनात वडिलांचा हात अजूनही कोणी धरला नसता. कोणाला अर्ज हवा असला, तक्रार लिहायची असली, की सगळी गल्ली त्यांच्याकडे यायची. अडायचं ते मध्येच उगवणाऱ्या चौकटींपाशी. मान्य आहे की नाही, असं कॉम्प्युटरने विचारलं की वडील खालची चाळीस पानं पहिल्या ओळीपासून वाचायला घ्यायचे. वाचल्याशिवाय होकार द्यायचा कसा, हा त्यांचा सवाल. आई पदराला हात पुसत यायची, "दाबा हो, काही होत नाही," म्हणायची आणि स्वतःच दाबून टाकायची. आता ते वाचत बसायचे, तेवढ्यात कॉम्प्युटर कंटाळून बंद पडायचा, अर्धवट राहिलेलं काहीतरी बिघडायचं आणि रविवारी मुलगी यायची.

मुलीचं कामही हेच होतं, हा त्यातला विनोद. आठवड्याचे सहा दिवस ती कानाला हेडफोन लावून लोकांच्या बंद पडलेल्या कॉम्प्युटरांची गाऱ्हाणी ऐकायची. तिचे कान अक्षरशः किटले होते. पूर्वी एकाच तऱ्हेच्या कॉम्प्युटरचे फोन असायचे, गेल्या वर्षी माणसं कमी केली तेव्हापासून दोन्ही तऱ्हांचे तिच्याच गळ्यात पडले. घरचं झालं थोडं नि व्याह्याने धाडलं घोडं, असं ती मैत्रिणीला म्हणाली होती. घरचं कोणतं आणि व्याह्याचं कोणतं, हे मात्र तिलाही नीट सांगता आलं नसतं.

दादाचा फोन आला. तो दूरच्या शहरात असायचा आणि तिथून उंटावरून शेळ्या हाकायचा.

"आता तरी माझं ऐका," तो म्हणाला. "माझ्यासारखा घ्या. एकदा घ्यायचा आणि विसरून जायचं. पाच वर्षांत मी झाकणसुद्धा उघडलेलं नाही."

"त्यांची चाळीस पानं तुझ्यावालाही वाचायला लावतो," ती म्हणाली.

"मग तूच ठरव. तुला कळतं त्यातलं."

तिला कळत होतं, तीच तर पंचाईत होती. तिसराही एक मार्ग होता. ऑफिसातला एक सहकारी त्याचे गोडवे गायचा. ती फुकट मिळणारी प्रणाली या जुन्या खोक्यातच घालता आली असती, नवीन काही घ्यावंच लागलं नसतं. फुकट ते पौष्टिक. पण मग ती दुरुस्त करू शकेल असं माणूस आसपास एकच उरलं असतं आणि ती धोंड जन्मभर तिच्या गळ्यात राहिली असती. पहिल्या तऱ्हेचा, म्हणजे आहे तसाच पण नवा घेतला, तर तो ती डोळे मिटून दुरुस्त करू शकत होती. म्हणजे करावा लागणारच होता. खरं सांगायचं तर तिला कुठलाच नको होता. तिला रविवारी उशिरा उठायचं होतं आणि कोणी "जरा बघतेस का" म्हणू नये असं वाटत होतं. असं वाटतं याची लाजही वाटत होती, आणि लाजेने थकवा काही कमी होत नव्हता.

"कपडे बदला," ती म्हणाली. "आत्ताच जाऊन घेऊन येऊ."

दुकानात गर्दी नव्हती. लांबलचक पांढऱ्या टेबलांवर कॉम्प्युटर मांडले होते आणि प्रत्येकाच्या पडद्यावर कसलातरी डोंगर नाहीतर समुद्र होता. विक्रेती पन्नाशीची होती. साखळीला अडकवलेला चष्मा गळ्यात आणि उभं राहून राहून सुजलेले पाय. तिने खुर्ची ओढून वडिलांना बसवलं.

"हे दोन बघा, काका. हा तुमच्या जुन्यासारखाच, फक्त वेगाने चालतो. आणि हा दुसऱ्या तऱ्हेचा. दोन्ही चांगले. लोक उगाच भांडतात यावरून."

"भांडतात?" वडिलांनी विचारलं.

"सख्खे भाऊ भांडतात. इथे, माझ्यासमोर." तिने चष्मा डोळ्यांवर चढवला. "तुम्ही मला एवढं सांगा, जुन्यावर नेमका काय त्रास होत होता? म्हणजे मला सुचवता येईल."

नेमका म्हटल्यावर वडिलांनी पिशवीतून वही काढली. मुलगी शेजारच्या टेबलाला टेकून उभी होती. तिला बरंच वाटलं. इतकी वर्षं ती सांगत आली त्या पायऱ्या वहीत असणार, कुठे दाबायचं, मग कुठे दाबायचं. निदान विक्रेतीला कळेल की आपण शिकवायला कमी केलं नाही.

वडील वाचू लागले. न्यायालयात मागचा जबाब वाचून दाखवायला सांगतात तेव्हा वाचायचा तो आवाज, ना वर ना खाली.

"रविवार, अकरा वाजून दहा मिनिटं. काय केलंत आता? मी काही केलं नाही. तुम्ही नाही केलं तर काय भुताने केलं? सरका. सरका म्हटलं ना. सुस्कारा."

विक्रेतीने मुलीकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"त्यापुढचा रविवार. हे मी मागच्या वेळी सांगितलं होतं. हो, सांगितलं होतंस. मग? विसरलो. लिहून घेता ना सगळं, मग विसरता कसे? उत्तर नाही." वडिलांनी पान उलटलं. "त्यापुढचा. बाबा, मी आठवडाभर हेच करते. परक्या लोकांशी गोड बोलते. निदान एक दिवस तरी मला. वाक्य अपूर्ण."

"बाबा," ती म्हणाली.

ते थांबले. तिने त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधला, टोमणा शोधला. काहीच नव्हतं. त्यांना त्रास विचारला होता आणि त्यांनी तो दफ्तरातून काढून दिला होता, बस. ती लिपी तिला वाचता येत नव्हती. चार वर्षं ती वही तिच्या डोळ्यांसमोर होती आणि तिने एकदाही विचारलं नव्हतं, काय लिहिता म्हणून. तिचे कान तापले. परक्यांना ती दिवसातून साठ वेळा म्हणायची, काही हरकत नाही, आपण पुन्हा एकदा करून बघू. हे वाक्य वहीत कुठेच नसणार याची तिला खात्री होती.

"आमच्याकडे बाप-लेकींच्या बऱ्याच जोड्या येतात," विक्रेती टेबलावरची नसलेली धूळ झटकत म्हणाली. "सगळ्यांचं असंच असतं. तुम्ही फक्त वाचून दाखवलंत."

वडिलांनी मान हलवली. मग मुलीकडे वळून विचारलं, "यातला तुला कुठला येत नाही?"

तिला वाटलं ते चुकून उलटं बोलले. पण ते उत्तराची वाट पाहत होते, पेन्सिल कागदावर टेकवून. चुकून त्यांनी उभ्या आयुष्यात काही विचारलं नसेल.

दुसऱ्या तऱ्हेचा कॉम्प्युटर तिच्यापासून हातभर अंतरावर होता. कालच त्याच्याविषयीचे एकवीस फोन तिने घेतले होते. तिने त्याच्या पडद्यावरच्या डोंगराकडे पाहिलं.

"हा," ती म्हणाली. "हा मला येत नाही."

बोलून गेल्यावर तिला समजलं, की आपण खोटं बोललो. आणि हेही समजलं, की शब्द परत घ्यायला अजून वेळ आहे. एक वाक्य पुरलं असतं. ती शेजारच्या चिठ्ठीवरची किंमत वाचू लागली.

वडिलांनी लिहून घेतलं. मग ते वहीची पानं मागे मागे उलटत गेले आणि एका जागी त्यांचं बोट थांबलं. तिला आठवलं. गेल्या वर्षी, याच दिवसांत, कॉम्प्युटर काहीतरी उतरवून घेत होता तेव्हा चहा पिताना आपण सांगितलं होतं, आता दोन्ही तऱ्हा माझ्याच गळ्यात, मला दोन्ही शिकावं लागलं. सांगताना आपण चिडलेलो होतो. आणि ते लिहीत होते.

वडिलांनी बोट उचललं आणि वही मिटली.

"हा द्या," ते विक्रेतीला म्हणाले. "हिला यातलं काही येत नाही. मला शिकवायला तुमच्याकडे कोणी आहे?"

"आहे ना. यावर आम्ही फुकट शिकवतो, इथेच मागे. फक्त रविवारी सकाळी असतं, चालेल का?"

"रविवारीच सोयीचं पडेल," वडील म्हणाले.

पुढचं सगळं भराभर झालं. विक्रेतीने एक फॉर्म भरून घेतला. अडचण आली तर कळवायचा घरातला दुसरा नंबर, असा त्यात एक रकाना होता. वडिलांनी फॉर्म पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, तो रकाना सोडून बाकी सगळे भरले आणि सही केली. मुलगी समोरच उभी होती. तिने तो रिकामा रकाना पाहिला आणि तिला आधी हायसं वाटलं. मग कोणीतरी आपलं नाव यादीतून खोडावं तसं झालं. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं हे तिला माहीत नव्हतं.

बसथांब्यावर दुसरं कोणी नव्हतं. ऊन चढलं होतं. तिने नव्या कॉम्प्युटरचं खोकं बाकावर ठेवलं, तर अर्धा बाक त्यानेच खाल्ला. वडील उरलेल्या कडेला बसले, ती उभी राहिली.

"शिकवतील ते नीट," वडील म्हणाले. "बाई समजूतदार वाटली."

"हं."

"तू आता रविवारी झोप. डोळे बघ कसे झालेत."

ती रस्त्याकडे बघत राहिली. समोरच्या इमारतीत कोणीतरी गादी वाळत घातली होती. जन्मभराचा थकवा एकदम अंगावर आल्यासारखं तिला झालं आणि त्या बाकावर आडवं व्हावंसं वाटलं.

"बाबा, ते मागचं पान तुम्ही वाचलंत ना? दुकानात."

"वाचलं."

"मग?"

वडिलांनी जरा विचार केला. "साक्षीदार आज एक सांगतो, उद्या दुसरं. आम्ही दोन्ही उतरवायचो. खरं कुठलं ते बघणारे वर बसलेले असायचे. लघुलेखकाने त्यात पडायचं नसतं."

"पण तुम्हाला कळायचं ना, कोण खोटं बोलतंय ते?"

"कळायचं की. छत्तीस वर्षं तेच ऐकलं." ते खोक्यावरून हात फिरवत होते. "बहुतेक वेळा माणूस दमलेला असायचा, दुसरं काही नाही."

इतका वेळ ती धरून उभी होती ते सगळं सैल झालं. ती त्यांच्यासमोर आली.

"वही काढा," ती म्हणाली. "लिहून घ्या. मला दोन्ही येतात. हा पण येतो, तो पण येतो. पुढच्या रविवारी मी घरी येणार आहे आणि मीच शिकवणार आहे. ओरडणार नाही. लिहा."

वडिलांनी वही काढली, उघडली. पेन्सिल खिशातून निघाली. ती थांबली, ते लिहितील म्हणून. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि वही मिटून पिशवीत टाकली.

"वही भरली," ते म्हणाले.

अर्धी वही कोरी होती. पानं उघडली तेव्हा तिने पाहिली होती.

मग त्यांनी ते खोकं स्वतःच्या मांडीवर ओढून घेतलं आणि तिला बसायला जागा केली.