पुसलेल्या ओळींची माफी

माझी मुलगी चेलना नोकरी सांभाळून एका खुल्या डेटाबेसचं काम करते. खुल्या म्हणजे फुकट. कुणीही वापरा, कुणीही सुधारा. जळगावात भांड्यांचं दुकान चालवणाऱ्या माझ्यासारख्याला हे पचायला जडच. बरं, नवीन काय बनवलंस म्हणून विचारावं, तर म्हणाली, "बनवलं नाही पप्पा, काढलं. एकच तपासणी दोनदा होत होती, त्यातली एक."

तिची ही पहिलीच दुरुस्ती. मान्य झाली, तर त्या कामात तिचं नाव कायमचं लागणार होतं. ठरवणार होते ते काम सांभाळणारे नॉर्वेचे एक आजोबा. प्रोग्रॅममधल्या जास्तीच्या त्या ओळी त्यांनीच, चेलनाच्या जन्माआधी लिहिलेल्या!

संवत्सरीचा दुसरा दिवस होता. आम्ही जैन लोक तेव्हा सगळ्यांकडे वर्षभराच्या चुकांची माफी मागतो. मी तिला डिवचलं, "ज्यांचं लिहिलेलं पुसलंस, त्यांची मागितलीस का?"

पोरगी माझीच. तिने खरंच त्या कामाच्या पानावर, सगळ्यांसमोर लिहून टाकलं, "माझ्याकडून काही चुकलं असेल तर क्षमा करा."

झालं! तिकडे माफी म्हणजे गुन्हा कबूल. "काय मोडलंस?" म्हणून विचारणा सुरू झाली आणि दुरुस्ती अडकली. ही आमची रीत आहे, असं चेलना लिहीत राहिली. जेवणही जाईना तिला. मला माझ्याच जिभेचा राग आला.

मग काही मोडलंय का ते बघायला देशोदेशीच्या कॉम्प्युटरवर पुन्हा चाचण्या लागल्या. तिने मला शेजारी बसवलं. एकेका कॉम्प्युटरच्या नावापुढे हिरवी खूण, म्हणजे सगळं ठीक, उमटत गेली. या डेटाबेसवर म्हणे कुठे दवाखाने चालतात, कुठे बँका. दुकानात मी खालचं एक पातेलं ओढलं तर अख्खी चळत अंगावर येते. इथे माझ्या पोरीने एवढ्या जगाच्या बुडातून ओळी काढल्या आणि कुणाला धक्का लागला नाही. अंगावर काटा आला माझ्या.

शेवटी आजोबांचं उत्तर आलं. चेलनाने मराठी करून वाचलं, "तुमच्या रीतीबद्दल वाचलं. माफी दोघांनी मागायची असते ना? मग माझीही घ्या. इतकी वर्षं या ओळी मी सगळ्यांना उगाच वाचायला लावल्या. दुरुस्ती मान्य आहे."

मी उठलो आणि स्क्रीनसमोर हात जोडले.

"पप्पा, त्यांना दिसत नाही," चेलना डोळे पुसत हसली.

मी हात काही खाली घेतले नाहीत.